सासूबाई म्हणतात, 'मला बोट लागते'

एका वाचक भगिनीचं पत्र असं आहे :

'आम्ही सांगलीत राहतो. दोघंही नोकरी करतो. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा आणि सासूबाई ७१ वर्षांच्या. नाताळच्या सुट्टीत मुंबईहून क्रूझने जायचं यजमानांच्या मनात आहे. एजंटाने लक्षद्वीपची पाच रात्रींची सफर सुचवली आहे. आमची मर्यादा सगळं मिळून दोन लाखांची. मुलं तर आतापासूनच बॅगा काढून बसली आहेत. सासूबाई मात्र ठाम नकार देतात. त्यांचं माहेर मालवण. लहानपणी बोटीने मुंबईला येणं-जाणं असायचं आणि दर वेळी त्यांना बोट लागायची. "तुम्ही जा, मी घर सांभाळते," एवढंच म्हणतात. त्यांना साखर आहे, रक्तदाब आहे, गुडघे दुखतात. त्यांना सोडून जावं का? नेलं तर झेपेल का? खोली कोणती घ्यावी, खर्च किती धरावा, काय न्यावं, आम्हा दोघांना यातलं काहीच कळत नाही.'

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले. 'बोट लागते.' आजच्या मुलांना गाडी लागते, फार तर विमान लागतं. बोट लागणं हे कोकणातल्या एका पिढीचं दुखणं आहे, आणि ज्यांनी ते भोगलं त्यांना पन्नास वर्षांनीही ते जसंच्या तसं आठवतं. भाऊच्या धक्क्यावर ताटकळायचं, डेकवर पथारी टाकायला जागा धरायची, रात्रभर इंजिनाची धडधड आणि तेलाचा वास, शेजारी कुणीतरी सारखं ओकतंय. आणि गाव आलं तरी सुटका नाही, कारण बोट बाहेरच उभी राहायची. मग हेलकावणाऱ्या पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं, कडेवरचं पोर आधी कुणाच्या तरी हातात देऊन. हे सगळं अंगावरून गेलेल्या बाईसमोर गुळगुळीत पत्रक धरून 'आई, बघा, वर पोहण्याचा तलाव आहे' म्हटलं तर त्या नाहीच म्हणणार. आधी त्यांचं म्हणणं खरं आहे हे घरात सगळ्यांनी कबूल करा. पुढचं बोलणं तिथूनच सुरू होईल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : त्यांना सोडून जाऊ नका, आणि लक्षद्वीपला नेऊही नका. या वेळी मुंबई-गोवा-मुंबई ही दोन रात्रींची सफर घ्या.

लक्षद्वीप सुंदर आहे, यात वाद नाही. ३६ बेटं, वस्ती त्यांतल्या फक्त १० बेटांवर, आणि भोवती प्रवाळाचं कडं. पण त्या प्रवाळामुळेच मोठं जहाज बेटाला टेकू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. म्हणजे पुन्हा तोच पडाव, आणि आता दुखऱ्या गुडघ्यांनी. समुद्र थोडा जरी उसळलेला असला तरी उतरणं रद्द होतं आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजले ते बेट कठड्यावरूनच बघावं लागतं. शिवाय मुंबईहून जाता-येता जवळजवळ एकेक दिवस नुसतं पाणी. ज्यांना समुद्र सोसतो की नाही तेच ठाऊक नाही, त्यांनी पहिल्याच खेपेला पाच रात्री बांधून घेऊ नयेत. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात थेट धक्क्याला लागतं, जिना उतरला की पाय जमिनीवर. नाहीच सोसलं तर सासूबाईंना आणि तुमच्यापैकी एकाला मडगावहून रेल्वेने परत येता येईल. (मध्येच उतरायचं झालं तर जहाजावर आधी कळवावं लागतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. तरीही ही वाट आहे एवढं माहीत असलं तरी माणूस निम्मा निर्धास्त होतो.) मुलांचं मन मोडेल असं वाटत असेल तर लक्षद्वीप दोन वर्षांनी आहेच.

आता त्यांच्याशी बोलायचं कसं. जेवताना सगळ्यांसमोर 'आई, चला ना' असा आग्रह करू नका. सगळ्यांसमोर दिलेला नकार मागे घेणं कुणालाच सोपं नसतं. 'मी घर सांभाळते' या वाक्यात बोटीपेक्षाही दुसरी भीती मला जास्त ऐकू येते : आपल्यामुळे मुलांची सुट्टी वाया जाईल ही. म्हणून हे काम नातीवर सोपवा. 'आजी, मालवणची बोट कशी होती गं?' असं तिने विचारावं आणि आजीला सांगू द्यावं, मधे न बोलता. मग तिनेच म्हणावं, की खोलीत आपण दोघी राहू. या वयातल्या मुलीला आईवडिलांच्या खोलीपेक्षा आजीची खोली आवडते, आणि आजीला आपण कुणाच्या तरी सोबतीला चाललो आहोत असं वाटतं, ओझं होऊन नव्हे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात असू शकेल, जी त्या बोलून दाखवणार नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सासूबाई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, पण किनाऱ्यावरच्या घरांतून ती हकिगत पुढच्या पिढ्यांना सांगितली गेली. तिची चर्चा निघाली तर टाळू नका. ती बोट ऐन पावसाळ्यात निघाली होती, हे मात्र जरूर सांगा. आता पावसाळ्यात मुंबई-गोवा क्रूझ बंद असतात. आपल्या बाजूचा समुद्र डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत सर्वांत शांत असतो. चक्रीवादळं येतात ती बहुतेक पावसाळ्याच्या आगेमागे. २०२१ चं तौक्ते मे महिन्यात आलं, २०१७ चं ओखी डिसेंबरच्या सुरुवातीला. तुम्ही निवडलेला काळ चांगला आहे. फक्त नाताळ ते ३१ डिसेंबर हे दिवस सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचे असतात. शाळेची एक-दोन दिवसांची रजा चालणार असेल तर जानेवारीतल्या मधल्या वारांची चौकशी करा, दरात चांगला फरक पडतो.

एवढं सगळं करूनही त्या नाहीच म्हणाल्या तर दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा नको. मग त्यांच्या सोबतीची नीट व्यवस्था लावा आणि मनात अपराधी भाव न ठेवता जा.

आता बोट लागण्याबद्दल. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा एक अवयव असतो. तो मेंदूला सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. त्यामुळे बंद खोलीत पडून राहिलं, मोबाइलमध्ये किंवा पुस्तकात डोकं घातलं की त्रास वाढतो, आणि बाहेर येऊन लांब क्षितिजाकडे नजर लावली की कमी होतो. जुन्या बोटीवर नेमकी उलटी परिस्थिती असायची : बोट लहान, खाली दाटीवाटी, हवा कोंदट, वास उग्र. आज मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली बांधलेलं, २०२१ पासून आपल्याकडे आलेलं. त्याची लांबी २०० मीटरांहून जास्त आहे. एवढ्या मोठ्या जहाजाला साध्या लाटा फारशा जाणवत नाहीत. शिवाय क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात, ते जहाजाचं डावं-उजवं डोलणं बरंच कमी करतात. पुढे-मागे होणारं डोलणं त्याने थांबत नाही, म्हणून 'अजिबात काही होणार नाही' असं वचन त्यांना देऊ नका. 'पूर्वीसारखं होणार नाही' एवढं खात्रीने म्हणा.

घाटात जाताना आपण घेतो ती ॲव्होमिन इथेही चालते, पण मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. तिने झोप येते. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, त्यावर ही गुंगी आणि रात्री बाथरूमला जाताना तोल जाणं, हे मला नको वाटतं. त्यांच्यासाठी कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. मुलासाठीही त्याच्या डॉक्टरांना विचारा. आलेपाकाची पुडी जवळ ठेवा. पोट रिकामं ठेवू नका. उपाशी माणसाला जास्त त्रास होतो, विशेषतः साखर असलेल्याला. पहिल्या संध्याकाळी मात्र तळकट आणि गोड बेतानं.

खोलीचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, त्यावर थोडा वेळ द्या. तुम्ही पाचजण आहात आणि एका खोलीत साधारणपणे जास्तीत जास्त चारजण मावतात, तेही दोघे भिंतीतून खाली येणाऱ्या वरच्या बर्थवर. म्हणून दोन खोल्या घ्या, एकमेकींना लागून. एकीत आजी आणि नात, दुसरीत तुम्ही तिघं. आजीची खोली खिडकीवाली घ्या, तुमची आतली चालेल. आतली म्हणजे खिडकी नसलेली, सर्वांत स्वस्त. दिवा घालवला की तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख होतो, तेव्हा एक लहान रात्रदिवा न्या. बाल्कनीची खोली मी तुम्हाला सुचवणार नाही. दोन रात्रींसाठी तो खर्च जास्त आहे आणि ७ वर्षांचा मुलगा खुर्चीवर चढून कठड्यावरून वाकेल ही धास्ती तुम्हाला झोपू देणार नाही. समुद्र बघायला सगळा डेक मोकळा आहेच.

जहाजाच्या दोन्ही टोकांना हेलकावा जास्त आणि मधोमध कमी. वरच्या मजल्यांवर जास्त, खालच्या मजल्यांवर कमी. म्हणून एजंटाला सांगा : खालचा मजला, जहाजाचा मध्य, लिफ्टपासून जवळ, आणि वर-खाली नाचगाण्याचं सभागृह नको. मजल्यांचा नकाशा मागून स्वतः बघा. 'खोली नंतर कंपनी देईल' या अटीवर थोडे पैसे वाचतात, पण तुमच्या घरासाठी ती बचत घेऊ नका. आणि एक बारीकशी गोष्ट : बऱ्याच जहाजांवर बाथरूमच्या दाराला चांगला उंच उंबरठा असतो. घरी उंबरठा नसलेल्या माणसाला तो पहिल्या रात्री हमखास लागतो. आत शिरताच आजींना तो दाखवा, आधाराची दांडी कुठे आहे तेही दाखवा. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. बंदरावर चालणं बरंच असतं.

पैशांचं सांगते. पत्रकातला आकडा एका माणसाचा असतो आणि तोही खोलीत दोघं राहतील असं धरून. त्यावर बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क येतं. खोलीतल्या तिसऱ्या माणसाचा दर बहुतेक वेळा कमी असतो, तो आवर्जून विचारा. माझ्या पहिल्या सफरीच्या वेळी आमच्या एजंटाने 'सगळं धरून' असं तोंडी सांगितलं होतं. शेवटच्या सकाळी हिशेबाचा कागद हातात पडला तेव्हा सेवाशुल्क, मुलांनी प्यायलेली शीतपेयं आणि फोटो असं बरंच काही त्यात होतं. म्हणून पाचही जणांचा, दोन्ही खोल्यांचा, सर्व करांसह एकच आकडा लेखी घ्या. तिकिटात मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेचं जेवण, बहुतेक खेळ आणि कार्यक्रम, पोहण्याचा तलाव एवढं येतं. मद्य, बाटलीबंद पेयं, खास उपाहारगृहं, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, मालिश, फोटो आणि डॉक्टर यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या किल्लीचं कार्डच सगळीकडे चालतं आणि शेवटी एकत्र बिल येतं. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद करून घ्या, चढल्याबरोबर स्वागतकक्षात सांगितलं की करून देतात. दोन लाखांपैकी तीस हजार वरखर्चासाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात तिकिटं बसवा. बसत नसतील तर तारीख बदला, खिडकी सोडू नका. रद्द करण्याच्या अटीही वाचा. तारीख जवळ येईल तसे परत मिळणारे पैसे कमी होत जातात. आणि हवामानामुळे बंदर बदलायचा किंवा गाळायचा हक्क प्रत्येक कंपनी स्वतःकडे ठेवते, हे मुलांना आधीच समजावून ठेवा.

सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. वेळ जमते असं वाटतं, तरी आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर ७१ वर्षांच्या बाईला बंदरातल्या रांगेत उभं करणं बरं नाही. येताना मात्र महालक्ष्मीच सोयीची, ती रात्री सुटते. वेब चेक-इन घरूनच करा, त्यात बंदरावर यायची वेळ ठरवून मिळते. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं घ्या, मुलांचीही.

बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या खोलीपाशी पोहोचायला काही तास लागतात. म्हणून पाठीवरच्या पिशवीत सासूबाईंची सगळी औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, मुलांचे पोहण्याचे कपडे, एकेक जादा जोड, चार्जर आणि कागदपत्रं. औषधं दोन दिवसांची नव्हे, पाच दिवसांची. इन्शुलिन असेल तर खोलीत फ्रीज आहे का ते आधीच विचारा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी तिथेच भरावी लागते आणि विमा कंपनीकडून नंतर मागावी लागते. तेव्हा प्रवासविमा घ्या आणि जुन्या आजारांचा त्यात उल्लेख आहे ना ते बघा. इस्त्री, विजेची किटली, पाणी तापवायचा रॉड, अगरबत्ती, निरांजन यांतलं काहीही आत नेऊ देत नाहीत. समुद्रावर आगीइतकं भयंकर दुसरं काही नाही, त्यामुळे हा नियम मला पूर्ण पटतो. सासूबाई रोज दिवा लावत असतील तर हे आधी सांगा, ऐनवेळी पिशवीतून काढून घेतलेलं त्यांना लागेल. खोलीच्या भिंती पोलादी असतात. चुंबकाचे दोन-चार आकडे नेले तर ओले टॉवेल, टोप्या सगळं टांगता येतं.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा, आणि तो झाल्यावर कुठे जमायचं हे तुमच्या कार्डावर लिहिलेलं असतं. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत सक्तीची झाली. कृपा करून त्या वेळी बुफेला जाऊ नका. मुलाला जमण्याच्या जागेपर्यंत चालत नेऊन परत आणा, एकदा जिन्यानेसुद्धा, कारण अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते. आजींसाठी त्या जिन्याला किती पायऱ्या आहेत तेही मोजा.

किनारा दूर गेला की मोबाइलला रेंज राहत नाही. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं उपग्रहावरचं जाळं पकडून मोठं बिल येऊ शकतं. म्हणजे मुलांना फोन करून शोधता येणार नाही. घड्याळं द्या आणि एक जागा, एक वेळ ठरवा : दर दोन तासांनी आजीच्या खोलीत. मुलीला या वयात थोडं मोकळं सोडा. मुलाला तलावापाशी मात्र क्षणभरही एकटं सोडू नका, बऱ्याच जहाजांच्या तलावांवर जीवरक्षक नसतो. खाण्याआधी दर वेळी साबणाने हात धुवायला लावा. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांपुढे सॅनिटायझर पुरेसा पडत नाही, साबण-पाणीच हवं.

जेवणाची चिंता तुमच्या पत्रात नाही, पण सासूबाईंच्या साखरेसाठी रात्रीच्या जेवणाची लवकरची पाळी मागून घ्या. शाकाहारी, जैन, उपास, जे काही असेल ते तिकिटाबरोबरच कळवा. राजगिऱ्याच्या लाडवांचं सीलबंद पाकीट जवळ असू द्या.

गोव्यात एकच गोष्ट करा. मुरगावहून मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. सासूबाईंना देवीची ओटी भरायची असेल तर तोच दिवसाचा कार्यक्रम, मग दुपारचं निवांत जेवण आणि परत. जहाजाने आखलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. तुम्ही टॅक्सीने जाणार, तेव्हा चढायच्या शेवटच्या वेळेआधी दोन तास धक्क्यावर या. जहाजावर रोज मिळणाऱ्या माहितीपत्रकावर बंदरातल्या प्रतिनिधीचा फोन असतो, त्याचा फोटो काढून घ्या.

जहाजावरच्या कार्यक्रमांबद्दल मात्र मला जरा जास्त सांगायचंय. मी माझ्या वडिलांना घेऊन गेले होते तेव्हा पैसे वसूल व्हावेत म्हणून तासातासाचं वेळापत्रक केलं होतं. जादूचे प्रयोग, तंबोला, स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक, सगळीकडे त्यांना घेऊन फिरले. दुसऱ्या दुपारी ते म्हणाले, 'मला जरा इथेच बसू दे.' मागच्या डेकवर जहाजामागे पाण्याची पांढरी वाट उमटत जाते, तिच्याकडे बघत ते दिवस मावळेपर्यंत बसले. घरी आल्यावर कुणीही विचारलं की तेवढंच सांगायचे. मी त्या वेळी आत एका कार्यक्रमाला होते, त्यांच्या शेजारी नव्हते. तो कार्यक्रम कोणता होता, ते आज मला आठवतही नाही. म्हणून तुम्ही रोज एकच कार्यक्रम सगळ्यांनी मिळून बघायचा ठरवा आणि बाकीचा वेळ ज्याचा त्याला द्या. मुलं जहाजावरच्या मुलांच्या खेळाच्या खोलीत रमतील. सासूबाईंजवळ आळीपाळीने कुणीतरी नुसतं बसा. वर वारा गार असतो आणि आत एसी कडक, त्यांची शाल आणि रबरी तळाच्या सपाट चपला विसरू नका.

मुंबई सुटताना सगळ्यांनी वरच्या डेकवर जा. हवा स्वच्छ असेल तर बाहेर पडताना डाव्या हाताला खांदेरी दिसेल. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून तिथे किल्ला उभारायला घेतला आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. मुलांना इतिहासाच्या पुस्तकातलं काहीतरी समुद्राच्या बाजूने बघायला मिळेल; साधी दुर्बीण असेल तर न्या.

आणि आजींची खिडकी डाव्या बाजूला मागा. एजंटाला 'पोर्ट साइड' म्हणा, त्याला कळेल. दक्षिणेकडे जाताना किनारा आणि सूर्योदय डावीकडे असतो, उत्तरेकडे परत येताना सूर्यास्तही त्याच खिडकीत येतो. मुंबई ते मुरगाव हे समुद्रावरून सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, एका रात्रीचं अंतर. गोव्याला पोहोचण्याच्या तीनएक तास आधी जहाज मालवणच्या समोरून जातं. किनारा दूर असतो, काळोख असेल तर गाव ओळखू येणार नाही; मासेमारीच्या होड्यांचे दिवे तेवढे दिसतील. माहितीपत्रकावर गोव्याची वेळ बघून त्यातून तीन तास वजा करा आणि नातीला तेवढ्या वाजताचा गजर लावायला सांगा.